खेचराचे मोल

सेमिनरीतून बाहेर पडल्यानंतर आमची एक सुरुवातीची नेमणूक डोंगराळ भागातील एका मिशन केंद्रावर झाली होती. तेथील धान्याच्या कोठीत आढ्याला टांगलेले एक जुने खोगीर होते. चामडे वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, तंग उंदरांनी कुरतडला होता आणि एकच रिकीब शिल्लक होती. आमच्या दिमतीला तेव्हा धर्मप्रांताने दिलेली मोटारसायकल होती. त्यामुळे ती अडगळ काढून टाकावी असे आमच्या मनात आले. केंद्रावरचे वृद्ध धर्मशिक्षक आम्हांला म्हणाले, "फादर, ते राहू द्या. फादरांचे तट्टू गावाने वर्गणी काढून घेतले होते. माझ्या आईने त्या पायी दोन कोंबड्या विकल्या होत्या. तट्टू गेले, एवढेच राहिले आहे."

खोगीर जागेवरच राहिले. मात्र मास्तरांचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. धर्मगुरू खोगिरावर बसलेला सर्वांना दिसतो. ते जनावर कुणी विकत घेतले, कुणाच्या पैशाने घेतले आणि ते कुणाच्या दारापर्यंत गेले, हे इतिहासात सहसा लिहिलेले नसते. पुढे दक्षिण अमेरिकेतील ख्रिस्तसभेचा इतिहास वाचताना हाच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटला, आणि तोही खेचराच्या रूपाने. अर्जेंटिनातील एका खेड्यातला धर्मगुरू खेचरावर बसून चाळीसएक वर्षे डोंगर तुडवीत राहिला आणि २०१६ साली संतपदाला पोहोचला. त्याच्या आधी शंभर वर्षे त्याच खंडात खेचराच्या खरेदीपायी हजारो गरिबांचे संसार बुडाले होते आणि रक्तही सांडले होते. जनावर तेच, बाजारही तोच. या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावाचून त्यांतील कोणतीच नीट कळत नाही, असे आम्हांला वाटते.

पवित्र शास्त्रातील खेचर

आपल्या भाषेत 'खेचर' हा शब्द फारसा मानाचा नाही. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावातील हा शब्द आकाशात संचार करणारा योगी या अर्थाचा आहे, असे काही जण सांगतात. तर तो उपहासाने चिकटला, असे लोककथा सांगते. पवित्र शास्त्रात मात्र खेचराला राजमान्यता आहे. दावीद राजाने आपल्या पश्चात शलमोन गादीवर बसावा म्हणून आज्ञा केली, तेव्हा त्याला राजाच्या स्वतःच्या खेचरावर बसवून गीहोनकडे नेण्यात आले आणि तेथे सादोक याजकाने त्याला अभिषेक केला. अबशालोम बापावर उठला आणि शेवटी ओक वृक्षाच्या फांद्यांत अडकून लोंबकळत राहिला, तेव्हा त्याच्या खालून निघून गेले तेही खेचरच होते.

येथे एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. लेवीयच्या पुस्तकात भिन्न जातींच्या जनावरांचा संकर करण्यास मनाई आहे. म्हणजे इस्राएली लोकांनी नियम पाळायचा म्हटले तर खेचर घरी पैदा करता येत नव्हते. ते बाहेरूनच आणावे लागे. यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगरीच्या व्यापाराची जी यादी दिली आहे, तिच्यात तोगार्मा येथील लोक घोडे आणि खेचरे घेऊन तिच्या बाजारात येत, असा उल्लेख आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची मोजदाद एज्राच्या पुस्तकात आहे. तीत ७३६ घोडे आणि २४५ खेचरे आहेत. राजाचे वाहन असो की परतणाऱ्या निर्वासितांचे, खेचर म्हटले की त्यामागे बाजार आलाच.

पुढे युरोपात खेचर हे धर्मगुरूंचे वाहन म्हणून रूढ झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये खोगीर घातलेल्या खेचरावर बसण्यास पुरुषांना बंदी करण्यात आली, कारण जो तो खेचर पाळू लागल्याने युद्धासाठी लागणाऱ्या घोड्यांची पैदास घटली होती. धर्मगुरू आणि स्त्रिया यांना या बंदीतून सूट होती. अमेरिकेच्या सफरी करून आलेला कोलंबस अखेरच्या दिवसांत दुखण्याने जर्जर झाला होता, घोड्याची धावपळ त्याला सोसत नव्हती. त्याला खेचरावर बसता यावे म्हणून फर्नांदो राजाने २३ फेब्रुवारी १५०५ रोजी खास परवाना दिला. महासागर ओलांडणाऱ्या दर्यावर्दीला खेचरावर बसण्यासाठी राजाची परवानगी घ्यावी लागली!

संत इग्नाती लोयोला यांची कथा तर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १५२२ साली मोन्सेरातच्या वाटेवर त्यांना एक मूर प्रवासी भेटला. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी तो काही वावगे बोलला आणि पुढे निघून गेला. इग्नातींच्या मनात जुना शिपाई जागा झाला. त्याला गाठून खंजीर चालवावा की सोडून द्यावे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला आणि निर्णय त्याच्यावर टाकला. गावाकडे जाणारा रस्ता रुंद आणि सोपा होता, तरी खेचराने दुसरी वाट धरली. मोन्सेरातला पोहोचल्यावर इग्नातींनी ते खेचर मठाला देऊन टाकले आणि पुढे ते पायी निघाले. संत अंतोनी यांच्या चरित्रातील आख्यायिकेत काही दिवस उपाशी ठेवलेले खेचर समोरचा चारा सोडून पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकते, ते चित्र तर आपल्या अनेक घरांतून पाहावयास मिळते.

खेचराची पारख

डोंगरी मुलखात स्वारीसाठी खेचर घेणे हे जोखमीचे काम असते. खेचर हे गाढव आणि घोडी यांचे अपत्य. घोडीकडून त्याला उंची आणि चाल मिळते, गाढवाकडून काटकपणा, कडक खूर आणि सावधपणा. म्हणून जाणता गिऱ्हाईक प्रथम आईची चौकशी करतो. घोडी लहानखुरी, बेढब असेल तर खेचर ओझ्याला चालेल, स्वारीला नाही. मग तो तोंड उघडून दात पाहतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे सर्व दात पक्के येतात, त्यानंतर त्यांच्या झिजेवरून वय ताडावे लागते. खूर अरुंद, उभट आणि टणक असावेत. घोडा घेताना आपल्याकडे अंगावरचे भोवरे पाहतात. खेचर घेणारा त्याऐवजी कानाला हात लावून पाहतो, चारही पाय उचलून पाहतो. जे खेचर कानाला शिवू देत नाही, ते रोज लगाम चढवताना भांडणार, हे नक्की.

त्यानंतर स्वतः बसून पाहायचे, आणि सपाटीवर नव्हे. चढावर कोणतेही धडधाकट जनावर चालते. खरी परीक्षा उताराला होते. खेचराचा खांदा घोड्यासारखा उंच नसतो, त्यामुळे उताराला खोगीर पुढे सरकते. ते मागून धरून ठेवण्यासाठी शेपटीखालून दुमची लावावी लागते. दुमची सहन न करणारे खेचर डोंगरात कामाचे नाही. चांगल्या खेचराची रहवाल चाल अशी असते की दिवसभर बसूनही स्वाराची कंबर भरून येत नाही. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनी घोड्यापेक्षा खेचर पसंत केले ते यासाठीच.

खेचराच्या हट्टाविषयी मात्र त्याच्यावर अन्याय झाला आहे. घोडा घाबरला की उधळतो. खेचर घाबरले की थांबते. पुढची जमीन ठिसूळ आहे, पाणी खोल आहे, कडा सुटला आहे असा संशय आला की ते पाऊल टाकत नाही. मग चाबूक तुटला तरी चालेल. केदारनाथसारख्या यात्रेच्या वाटांवर यात्रेकरू आणि माथेरानच्या डोंगरावर माणसांचे सामान वाहणारी खेचरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि म्हणून खेचराला सहसा वंश नसतो. गायीपासून कालवड होते, शेळीपासून करडू होते. एका खेचरापासून दुसरे खेचर होत नाही. ते तीस वर्षे किंवा अधिकही जगते, पण मेले की पुन्हा बाजार गाठावा लागतो. शेतकऱ्याच्या घरात गाय वाढते. खेचर मात्र प्रत्येक पिढीला नव्याने विकत घ्यावे लागते. ज्याच्या हाती खेचरांचा बाजार, त्याच्या हाती डोंगरातील माणूस, असे दक्षिण अमेरिकेत घडले त्याचे कारण हेच.

पंपा ते पोतोसी

आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. तेथे गाडीरस्ते नव्हते आणि इतक्या उंचीवर खेचरांची पैदास होणे कठीण होते. चांदी खाली आणायची, धान्य, दारू, कापड, लोखंड आणि पारा वर न्यायचा, तर खेचरे हवीत. ती मिळाली दक्षिणेकडच्या पंपा या अफाट गवताळ प्रदेशात, आजच्या अर्जेंटिनात. तेथे खेचराचे शिंगरू दीड-दोन वर्षांचे झाले की विकले जाई. व्यापारी ते कोर्दोबाच्या कुरणांत आणून वर्षभर पोसत, मग उत्तरेला साल्ता येथे नेत. तेथे पुन्हा काही महिने चारून त्यांना डोंगरासाठी तयार करीत. एकेका तांड्यात हजाराहून अधिक जनावरे असत. सर्वांच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी चाले. खेचरे घोडीच्या पोटची. घंटेचा आवाज ऐकला की ती अंधारातही तिच्या मागोमाग जात. या घोडीला तेथील लोक 'माद्रिना' म्हणत, म्हणजे धर्ममाता!

साल्ताजवळच्या लेर्मा खोऱ्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये खेचरांची जत्रा भरे. टपाल व्यवस्थेचा निरीक्षक आलोन्सो कार्रियो दे ला वान्देरा याने १७७०च्या सुमारास ब्युनोस आयरेसपासून लिमापर्यंत प्रवास करून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. पंपात बारा ते सोळा रेआलला मिळणारे शिंगरू साल्ताला पोहोचेपर्यंत कितीतरी पट महाग होई आणि पेरूच्या डोंगरात त्याहून महाग. भरभराटीच्या वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास खेचरे या वाटेने वर जात.

या व्यापारात आपली ख्रिस्तसभाही होती, हे आम्ही लपवू इच्छित नाही. कोर्दोबा येथील येशूसंघीयांच्या महाविद्यालयाचा, ज्याचे पुढे विद्यापीठ झाले, खर्च त्यांच्या शेतवाड्यांच्या उत्पन्नातून चाले. सिएरा ग्रांदे डोंगरातील ला कांदेलारिया ही त्यांची शेतवाडी प्रामुख्याने खेचरांसाठी प्रसिद्ध होती. या शेतवाड्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. २००० साली युनेस्कोने कोर्दोबातील या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या चर्चची कमान आणि घंटामनोरा पाहून यात्रेकरूंची मने आजही भरून येतात. परंतु त्याच आवारात गुलामांच्या कोठड्याही होत्या. ज्ञानदानाचे पुण्य आणि गुलामगिरीचे पाप एकाच हिशेबवहीत लिहिले गेले. १७६७ साली स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार केले आणि शेतवाड्या सरकारजमा झाल्या. खेचरांचा बाजार मात्र थांबला नाही.

सक्तीची खरेदी

साल्ताहून वर गेलेली खेचरे पेरूच्या डोंगरातील आदिवासी गावांपर्यंत पोहोचत ती एका वेगळ्याच रीतीने. प्रत्येक प्रांतावर कोरेहिदोर नावाचा अधिकारी असे. आपल्याकडील मामलेदार आणि न्यायाधीश एकाच व्यक्तीत कल्पावे. हा अधिकारी व्यापाऱ्याकडून खेचरे, कापड, लोखंड उधारीवर उचली आणि आपल्या अमलाखालील आदिवासींना ती घेण्यास भाग पाडी. या पद्धतीचे नाव 'रेपार्तो', म्हणजे वाटप. अठराव्या शतकाच्या मध्यास सरकारने तिला कायदेशीर मान्यता दिली. खेचर हवे की नको, हे कुणी विचारीत नसे. दात पाहण्याची, बसून पाहण्याची गोष्टच सोडा. किंमत बाजारभावाच्या दुपटीहून अधिक लावली जाई. फेड झाली नाही तर तुरुंग, फटके, जमिनीवर जप्ती, नाही तर विणकामाच्या कोंडवाड्यात मजुरी. तक्रार करायची तर न्यायाधीश तोच, ज्याने खेचर गळ्यात बांधले.

होसे गाब्रिएल कोंदोर्कान्की हा कुस्कोजवळच्या तुंगासुका भागाचा आदिवासी प्रमुख होता. कुस्को येथे येशूसंघीयांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. व्यवसायाने तो खेचरवाला. सुमारे साडेतीनशे खेचरांचे तांडे घेऊन तो पोतोसीपर्यंतच्या वाटेवर मालवाहतूक करी. खेचराची खरी किंमत काय असते आणि गरिबाकडून किती वसूल होते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? खाणीतील सक्तीच्या मजुरीतून आपल्या लोकांना सूट मिळावी म्हणून १७७७ साली त्याने लिमाच्या दरबारी अर्ज केले. हाती काही आले नाही. ४ नोव्हेंबर १७८० रोजी प्रांताचा कोरेहिदोर आंतोनियो दे आर्रियागा हा यानाओका गावच्या धर्मगुरूकडील मेजवानी आटोपून परतत असता कोंदोर्कान्कीने त्याला वाटेत पकडले. सहा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, तुंगासुकाच्या चौकात त्याला जाहीर फाशी देण्यात आली. इंका पूर्वजांचे 'तुपाक अमारू' हे नाव धारण करून कोंदोर्कान्कीने रेपार्तो आणि खाणीची वेठ बंद झाल्याचे जाहीर केले. त्या वर्षअखेरीस सरकारनेही रेपार्तो रद्द केला. परंतु तोवर आग पसरली होती.

कुस्कोचे बिशप हुआन मानुएल मोस्कोसो यांनी तुपाक अमारूला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पत्नीला, मिकाएला बास्तिदासला, आणि थोरल्या मुलाला मारण्यात आले. मग त्याचे हातपाय चार घोड्यांना बांधून ते चार दिशांना हाकण्यात आले. देह फाटेना, तेव्हा शिर कापण्यात आले. त्या उठावात दोन्ही बाजूंनी निरपराध माणसे मेली, चर्चमध्ये आश्रय घेतलेलेही मेले. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु एक विचार मनाला टोचत राहतो. त्या डोंगरातील गावोगावी धर्मगुरू होते, आणि त्यांतील अनेकांच्या घरी स्वारीचे खेचर होते. गावकऱ्यांच्या गळ्यात मारलेले खेचर त्यांना अंगणातून दिसत होते. काहींनी निषेध केला, पत्रे लिहिली, अधिकाऱ्यांशी भांडणही केले. बाकीच्यांचे काय? ज्याच्याशी आपले जेवणाखाण्याचे संबंध आहेत, त्याच्या अन्यायाविषयी बोलणे कोणत्याही काळी सोपे नसते. आम्हीही याला अपवाद आहोत, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

दुसरे होसे गाब्रिएल

याच्यानंतर बरोबर ८६ वर्षांनी, त्याच ४ नोव्हेंबरला, संत चार्ल्स बोरोमिओच्या सणादिवशी, कोर्दोबा येथे एका तरुणाला गुरुदीक्षा मिळाली. त्याचेही नाव होसे गाब्रिएल: होसे गाब्रिएल देल रोसारियो ब्रोचेरो. जन्म १६ मार्च १८४० चा, शेतकऱ्याच्या घरचा. शिक्षण कोर्दोबाच्या सेमिनरीत आणि त्याच जुन्या विद्यापीठात. १८६७ साली कोर्दोबात पटकीची साथ आली, तेव्हा या नव्या धर्मगुरूने रोग्यांची आणि मरणाऱ्यांची सेवा केली. १८६९च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो सान आल्बेर्तो या धर्मग्रामाकडे निघाला.

हा धर्मग्राम ४,३३६ चौरस किलोमीटरांचा होता. लोकसंख्या दहा हजारांवर, विखुरलेली. रस्ते नव्हते, शाळा नव्हत्या, आणि कोर्दोबा शहर व हे खोरे यांच्यामध्ये दोन हजार मीटरांहून उंच सिएरा ग्रांदेची भिंत. अशा ठिकाणी घोडा उपयोगाचा नाही. फादर ब्रोचेरो खेचरावर बसले आणि जवळजवळ मरेपर्यंत उतरले नाहीत, असे म्हटले तरी चालेल. तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या जनावराला तेथे 'मालाकारा' म्हणतात. त्यांच्या वाहनाचे तेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. डोक्यावर रुंद टोपी, अंगावर डोंगरी लोक वापरतात ती घोंगडी, तोंडी खेडवळ भाषा. शहरातील सुशिक्षितांना त्यांच्या बोलण्याची लाज वाटे; डोंगरातील माणसाला मात्र ते ओळखीचे वाटे.

त्यांना लोकांना संत इग्नातींची आध्यात्मिक साधना घडवायची होती. येशूसंघीयांच्या हद्दपारीनंतर ही साधना त्या देशात जिवंत ठेवली ती मारिया आंतोनिया दे पास इ फिगेरोआ या स्त्रीने, लोक जिला मामा आंतुला म्हणतात. ती गावोगाव अनवाणी चालत फिरली. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संत म्हणून घोषित केले. फादर ब्रोचेरोंच्या काळी साधनेची सोय कोर्दोबा शहरात होती. म्हणजे दोनशे किलोमीटरांचा प्रवास, खेचरांवरून तीन दिवस. ते स्त्रीपुरुषांचे तांडे घेऊन निघत. कधी पाचशेहून अधिक माणसे असत. वाटेत एकाहून अधिक वेळा हिमवादळाने त्यांना गाठले. नऊ दिवसांची साधना, मौन, पापनिवेदन, आणि पुन्हा तोच डोंगर. लेर्मा खोऱ्याकडे चाललेले खेचरांचे तांडे ज्या कोर्दोबाने शतकभर पाहिले होते, त्याच कोर्दोबात आता खेचरांवरून शेतकरी आणि गुराखी प्रार्थनेसाठी येऊ लागले.

एवढा प्रवास सर्वांना झेपणारा नव्हता. म्हणून १८७५ साली त्यांनी आपल्याच खोऱ्यात, विल्या देल त्रान्सितो येथे, साधनागृहाचे बांधकाम सुरू केले. गावकऱ्यांनी विटा, चुना आणि लाकूड वाहिले. १८७७ साली सातशेहून अधिक जणांच्या पहिल्या साधनेने ते घर उघडले, आणि फादरांच्या हयातीत चाळीस हजारांवर माणसांनी तेथे साधना केली. १८८० साली मुलींच्या शाळेसाठी मदर कातालिना यांच्या संघाच्या धर्मभगिनी आल्या, त्याही खेचरांवर बसून डोंगर ओलांडून. फादरांनी लोकांना हाताशी धरून दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ते केले, चर्चेस बांधली, टपालाची सोय आणली. खोऱ्यात आगगाडी यावी म्हणून मोठमोठ्यांचे उंबरे झिजवले. ती काही आली नाही. आपले खेचर निरुपयोगी व्हावे यासाठी झटणारा हा खेचरस्वार होता! सांतोस गुआयामा नावाच्या कुप्रसिद्ध बंडखोराला साधनेसाठी आणावे म्हणून त्यांनी त्याची भेट घेतली आणि माफीसाठी सरकारदरबारी खटपट केली. पण त्यापूर्वीच १८७९ साली सरकारने त्याला गोळ्या घालून ठार मारले.

१८९८ साली त्यांना कोर्दोबाच्या महामंदिरात मानाचे पद मिळाले. १९०२ साली ते पुन्हा आपल्या डोंगरात परतले. त्या भागात कुष्ठरोग्यांच्या झोपड्यांकडे कुणी फिरकत नसे. फादर जात, त्यांच्याबरोबर बसत, त्यांच्याच भांड्यातून माते हे तेथील चहासारखे पेय पीत. त्यातूनच त्यांना रोग जडला, असे मानले जाते. १९०८ साली त्यांनी धर्मग्रामाचा राजीनामा दिला. पुढे दृष्टी गेली, कान गेले. २६ जानेवारी १९१४ रोजी, आपल्या लोकांमध्येच, त्यांनी देह ठेवला. विल्या देल त्रान्सितो हे गाव आज विल्या कुरा ब्रोचेरो, म्हणजे 'फादर ब्रोचेरोंचे गाव', या नावाने ओळखले जाते. १४ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांना धन्यवादित आणि १६ ऑक्टोबर २०१६ रोजी संत घोषित करण्यात आले. अर्जेंटिनातच जन्मून अर्जेंटिनातच मरण पावलेले ते पहिले संत. २०१३ सालच्या आपल्या पत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे केले ते खेचरावर बसून दूरदूरच्या वाटा तुडवणारा धर्मगुरू असेच. घरी बसून लोकांची वाट न पाहता त्यांच्या दारी जाणारा मेंढपाळ पोपमहोदयांना त्यात दिसला.

आपल्यापुरते

झावळ्यांच्या रविवारी आपण ज्या गर्दभाचे स्मरण करतो, ते प्रभूने विकत घेतलेले नव्हते. ते मागून आणलेले होते, आणि कुणी विचारलेच तर ते लवकर परत पाठवले जाईल, असे सांगण्यास शिष्यांना बजावले होते. मालकाला दिलेला हा शब्द आपण शुभवर्तमान वाचताना बहुधा नजरेआड करतो. प्रभूच्या सेवेसाठी दिलेली वस्तू ज्याची होती, त्याच्याकडे ती कोणत्या ना कोणत्या रूपाने परत गेली पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत चर्चसाठी चारचाकी घेण्याचा विषय निघाला. गाडी कोणत्या कंपनीची, रंग कोणता, कर्ज किती, यावर बरीच चर्चा झाली. आम्हांला कोठीतले ते खोगीर आठवले आणि आम्ही एवढेच विचारले, की ही गाडी आठवड्यातून किती वेळा त्या पाड्यांवर जाईल, जेथून परिषदेवर कुणीही नाही? काही क्षण कुणी बोलले नाही. शेवटी गाडी घेण्याचे ठरले. तिचे दर आठवड्याचे वेळापत्रकही त्याच बैठकीत ठरले. वर्गणीचा कागद मात्र त्या पाड्यांवर न्यायचा नाही, असा निर्णय एका विधवा भगिनीच्या सूचनेवरून झाला.

मिशन केंद्र सोडताना आम्ही त्या वृद्ध मास्तरांना विचारले होते, "तुमच्या आईने कोंबड्या विकून तट्टवाला पैसे दिले. त्याचा तिला काय उपयोग झाला?"

मास्तर म्हणाले, "ती शेवटची आजारी पडली तेव्हा श्रावण होता, फादर. ओढ्याला पाणी होते. फादर रात्री त्याच तट्टवावर बसून आले. तिला अभ्यंग दिले, कम्युनियन दिले. पहाटे ती गेली."

मग थोडे थांबून ते म्हणाले, "दोन कोंबड्यांचे काय, त्या फिटल्या."